लेकीच्या गावचं पाणी

थंडीत रूळ आकसतात, हे मला लग्न होऊन राहुरीला आल्यावर कळलं. त्याआधी लोखंडालाही थंडी वाजते असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. आमचं घर गावाबाहेर, रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. ऊसतोड सुरू झाली, पहाटे धुकं धरायला लागलं की केशरी जाकिटं घातलेली माणसं रुळांतून चालताना दिसतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात हातोडा, मान खाली. थंडीनं रुळाला केसाएवढा तडा गेला तरी तो त्यांना दिसला पाहिजे. कधी त्यांना कुठं संशय येतो, कधी तपासणीचं यंत्र रुळावरून हळूहळू फिरवतात, आणि तोवर मागच्या गाड्या जिथल्या तिथं उभ्या राहतात.

गाडी उभी राहिली की लोकांना राग येतो. मला भीती वाटायची. माझं माहेर त्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला आहे. इकडं गाडी अडली म्हणजे तिकडं काहीतरी अडलं असणार, असं उगाच मनात यायचं. मी मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी माझ्या छातीत धडधडतं.

माहेर भंडाऱ्याकडचं, धानाचं. सातवीपर्यंत शाळा गावात होती, पुढची तळ्यापलीकडे. माझी सातवी झाली आणि त्याच वर्षी रोवणीला घरात हात कमी पडले. शाळा कुणी सोडवली नाही, ती आपोआप मागं राहिली. पुढं या बाजूचं स्थळ आलं. इकडच्या साध्या घरांना मुली मिळत नाहीत, म्हणून ते आमच्याकडे शोधत येतात. नवरा ट्रॅक्टर चालवतो, घरी फक्त त्याची आई, दारू नाही, एवढं बघून बापानं होकार दिला. मायनं दिला नाही. ती नुसती म्हणाली, "लई लांब आहे."

लांब होतंच. पण इथं मला कुणी परकं धरलं नाही, हे मी उपकार म्हणून नाही, खरं म्हणून लिहिते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. भाकरी थापायची त्यांनी मला माझा हात धरून शिकवली, कारण आमच्याकडे दोन्ही वेळा भात. पहिल्या वर्षी माझ्या भाकरीला कधी गोल आकार आला नाही. आत्या शेजारणीला म्हणायच्या, "आमच्या सुनंच्या भाकरीवर सगळा जिल्हा दिसतो बघ, फक्त कडेचे तालुके फाटल्यात." पण खायच्या तीच.

हे सगळं मी मायला फोनवर सांगायची. ती ऐकायची, हाव हाव म्हणायची, आणि शेवटी, "मंग खुश आहेस ना व?" असं अशा आवाजात विचारायची, की मला कळायचं, तिला काहीच पटलेलं नाही. तिनं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटणार नव्हतं. आणि ती येणार नव्हती.

त्याला कारण तिचा नेम. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत बऱ्याच ठिकाणी होती, आता बहुतेकांनी सोडली. मायनं सोडली नाही. उलट तिचा नेम आणखी कडक: लेकीच्या घरचंच काय, लेकीच्या गावच्या शिवेतलंही पाणी चालत नाही. नातवंड झालं, तरी आधी त्याचं तोंड बघायचं, हातावर काहीतरी ठेवायचं, मगच पाण्याला हात लावायचा. "पाणी न पेता मी तुह्या घरी कितीक घडी राहीन?" असं म्हणून तिनं माझी सगळी बोलावणी परत पाठवली.

मग मला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी जायचं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी एवढ्या प्रवासाला नाही म्हटलं, म्हणून ती इथंच झाली. तिकडं धान कापणीला आलेलं, त्यामुळे माय लगेच निघू शकली नाही. शेवटी धान घरात आलं आणि तिचा फोन आला, "येतो मी." मला एकच हवं होतं. तिनं माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, माझ्या हातचं पाणी प्यावं. ते झालं की 'लई लांब आहे' हे तिच्या मनातून निघेल, असा मी स्वतःशी हिशेब घातला होता.

ती एकटी निघाली. तिला वाचता येत नाही. भावानं तिच्या पिशवीत साधा मोबाईल टाकला आणि डब्यात शिर्डीला निघालेल्या बायकांच्या ओळखीनं बसवून दिलं. त्या कोपरगावला उतरणार, पुढची थोडी स्टेशनं ही एकटी. मी फोनवर दहादा बजावलं, की लोकांना विचारून उतर. तर म्हणाली, "तू नको भेऊ. तुह्या गावचा वास मले मालूम आहे."

वासाची गोष्ट मीच तिला सांगितलेली. पहिल्या हिवाळ्यात मला त्या वासानं मळमळायचं. कारखाना सुरू झाला की मळीचा वास सगळ्या शिवारावर बसतो. गोड, पण आंबूस. गुळाच्या काहिलीत कुणी शिळं ताक ओतावं तसा. आता त्या वासाशिवाय मला हिवाळा आल्यासारखा वाटत नाही. मी मायला नेहमी म्हणायची, आमचं गाव डोळे मिटून ओळखू येतं.

गाडी पहाटे यायची होती. आत्यांनी बाळाला टोपडं घातलं, वर त्यांची शाल गुंडाळली, आणि आम्ही तिघी रिक्षानं स्टेशनावर गेलो. आमचे हे ऊस भरलेला ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर अडकलेले. जाताना म्हणाले होते, "मामींना म्हणावं, रिकामा झाला की आलोच."

स्टेशनावर कळलं, मनमाडकडच्या बाजूला रुळांची तपासणी चालू आहे, गाड्या मागं रोखल्यात. किती वेळ, ते सांगता येत नाही. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं मोबाईलमध्ये बघितलं. गाडी म्हणजे एक ठिपका होता आणि ठिपका हलत नव्हता. मी मायला फोन लावला. बंद. रात्रभर भावानं आणि मी आलटूनपालटून 'कुठं आलीस, कुठं आलीस' विचारून त्या मोबाईलची बॅटरी संपवली होती.

ऊन वर आलं. बाळ दोनदा प्यालं, एकदा शाल भिजवली. आत्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"काय तपासत्यात एवढं," मी म्हटलं. "लोखंड ते लोखंड."

"तपासू दे," आत्या म्हणाल्या. "इहीनबाई बसल्यात त्याच्यात. उशिरा येऊ दे, पन नीट येऊ दे. तू जरा बस खाली. फेऱ्या घालून घालून फलाटाला चर पडंल."

शेवटी गाडी आली. मी जनरलच्या डब्यांच्या कडेनं पळत सुटले, प्रत्येक खिडकीत बघत. माय कुठंच नाही. एका डब्यातून एका बाईनं विचारलं, "कुणाला बघती ताई? ती तांदळाच्या गठुळ्यावाली? ती मगाशीच उतरली की."

"कुठं?"

"गाडी मधीच लई वेळ उभी हुती ना, तिथं. आमी म्हनलं, आजी, हे न्हवं. तर म्हनली, माझ्या लेकीच्या गावचा वास आला. उतरली बी."

ते स्टेशन कोणतं, ते त्या बाईला माहीत नव्हतं. गाडी दोन-तीन ठिकाणी उभी राहिलेली. ती सुटली आणि मी फलाटावर तशीच उभी राहिले. आमच्या जिल्ह्यात कारखाने किती, आणि या दिवसांत सगळे एकदम चालू. वास मी एकाच गावाचा म्हणून सांगितला होता.

मी यांना फोन केला. माझ्या तोंडून शब्द धड निघेना, तेव्हा आत्यांनी फोन काढून घेतला. "आरं, तुझी सासू मागं कुठंतरी वासावर उतरलीया. ड्रायव्हर लोकास्नी लाव फोन."

ही युक्ती आत्यांचीच. रूळ तपासायला घेतले की फाटकं बंद राहतात, आणि फाटक बंद राहिलं की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या दिवशी मनमाडच्या बाजूला प्रत्येक फाटकावर आमच्या यांच्या ओळखीचा कुणी ना कुणी, निदान ओळखीच्याचा ओळखीचा, दोन ट्रॉल्या मागं लावून खोळंबलेला असणार. यांनी एकाला सांगितलं, त्यानं पुढच्याला. फाटका-फाटकावरून निरोप गेला: एक म्हातारी, हिरवं लुगडं, हातात तांदळाचं गाठोडं, बोलणं नागपूरकडचं.

आत्यांनी घरून आणलेला जेवणाचा डबा उघडला आणि मला बळंच भाकरीचा तुकडा खायला लावला. तो घशाखाली उतरायच्या आत माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"वैनी, सापडली बरं का. हितं फाटकाच्या बाजूला बाकड्यावर बसलीया. घाबरू नका." मागं ट्रॅक्टरवरचं गाणं वाजत होतं, ते त्यानं कुणाला तरी बंद करायला सांगितलं. "पन वैनी, आजारी-बिजारी न्हाई ना त्या? सकाळधरनं पान्याचा थेंब घेईनात. च्या आनला, नको. पानी दिलं, नको. नुसत्या हात जोडत्यात."

त्याच्या मागून दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला. रुळांवर काम करणारा होता, हे मला नंतर कळलं. तो दबक्या आवाजात म्हणत होता, "मी माझी बाटली दिली, घेतली न्हाई. मग दुकानातली नवी आनून दिली, सील तोडलं न्हाई अजून, ती बी घेईना. आता काय म्हनावं मानसानं."

आपली जात बघून म्हातारी पाणी नाकारतेय, असं त्याला वाटलं असणार, ते मला त्या आवाजातच कळलं, आणि माय खरं काय करतेय, तेही. आत्यांकडे बघून मी रडत होते की हसत होते, मलाच सांगता यायचं नाही.

"दादा, तिच्याकडं द्या फोन," मी म्हटलं.

"पोरी," मायचा आवाज आला, कोरडा, घोगरा. "मी आली व. तुह्या गावात बसून आहे सकाळपासून. घ्याले काऊन नाही आलं कोणी?"

"माय, ते माझं गाव नाही."

तिनं नाकानं श्वास ओढलेला मला ऐकू आला. "वास तर येऊन रायला."

"वास इकडं सगळीकडं येतो माय. कारखाने लई आहेत. माझं गाव अजून पुढं आहे."

"मंग हे तुह्यं गाव नाही?"

"नाही."

"शिव पण नाही लागत?"

"शिव पण नाही. कितीतरी गावं आहेत मधात."

"पक्कं सांगतेस? मी पाणी प्यावं म्हणून नाही ना सांगत?"

"पोरीची शपथ माय."

"मंग आधी नाही का सांगाचं व," माय म्हणाली. एखादीला आपण रस्ता चुकलोय हे कळल्यावर धक्का बसेल. तिला सुटल्यासारखं झालं होतं. फोन तोंडापासून लांब गेला, तिचा आवाज बारीक झाला. "भाऊ, आण बाप्पा ते पाणी. नाही, ते दुकानातलं राहू दे, पैशाचं आहे. तुह्यंच दे."

आणि मग मला फोनमध्ये मायचं पाणी पिणं ऐकू आलं. घटघट, मध्ये एक श्वास, परत घटघट. मागून तो माणूस म्हणत होता, "सावकाश मावशी, ठसका लागंल." त्याचा आवाज आता मोकळा झाला होता.

ड्रायव्हरनं फोन परत घेतला. "वैनी, सगळी बाटली संपवली की. आता च्या मागत्यात. साखर जास्त."

त्या रूळवाल्या दादानं पुढचं सगळं केलं. त्यांची तपासणी संपली होती, फाटक उघडलं होतं, मागं रोखलेली पॅसेंजर येणार होती. ती तिथं थांबते. मायला डब्यात बसवताना त्यानं शेजारच्या कॉलेजच्या मुलींना सांगितलं, की हिला राहुरीशिवाय उतरू देऊ नका, ही काहीही म्हणाली तरी. आणि मायला म्हणाला, "मावशी, ह्या खेपंला नाक बंद ठेवा." मायनं गाठोडं सोडून त्याच्या रुमालात दोन ओंजळी नवा तांदूळ बांधून दिला. तो नको नको म्हणत होता, तर म्हणाली, "मी तुह्यं पाणी पेली ना? मंग?"

हे तिनंच मला नंतर सांगितलं.

पॅसेंजर राहुरीला आली तेव्हा हेही ट्रॅक्टर रिकामा करून स्टेशनावर पोचले होते, अंगावर उसाचा चिकट धुरळा. हे डब्यात चढले आणि म्हणाले, "चला मामी, आलं गाव." माय जागची हलली नाही. जावयाला तिनं लग्नात बघितलेलं, तेव्हा त्याला मिशी होती. "आधी माही पोरगी दाखवा," म्हणाली. मला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. कॉलेजच्या मुली हसून हसून एकमेकींवर पडल्या.

ती खाली उतरली. मी तिला धरलं. तिच्या लुगड्याला धानाच्या तुसाचा वास येत होता. आत्या बाळ घेऊन पुढं झाल्या, टोपडं मागं सारलं, "बघा इहीनबाई, नात."

बाळ गाढ झोपलेलं.

मायनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "डोळे उघडू दे," ती म्हणाली. "झोपल्या लेकराचं तोंड पाह्यलं म्हणजे पाह्यलं नाही."

हा नियम मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटतं, तो तिनं तिथंच केला.

घरी आलो. आत्यांनी दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आत पहाटे निघतानाच पाट मांडलेला, तांब्या-फुलपात्र भरून ठेवलेलं, पिठलं-भाकरी झाकून ठेवलेली. माय पाटावर बसली आणि बाळ उठायची वाट बघू लागली. आता ती माझ्या गावात होती, त्यामुळे नेम परत लागू. सकाळपासून पोटात एक कप चहा.

आत्या म्हणाल्या, "उठवू का? जरा गालाला हात लावते."

"नका उठवू," माय म्हणाली. "झोपू द्या. मी थांबते."

"आहो, सकाळपासनं थांबलाच की."

"मंग आणखी थोडं."

मग सगळेच थांबले. हे हातपाय धुऊन उंबऱ्यात बसले. मी तव्याखालचा गॅस चालू करून परत बंद केला. मायनं घर बघायला सुरुवात केली. पत्रा बघितला, भिंतीवरचा माझा आणि यांचा फोटो बघितला, मांडणीवरची भांडी बघितली. माझे हात हातात घेऊन उलटे-सुलटे बघितले. माझ्या घाबरटपणाला त्या दिवशी पूर्ण काम होतं.

मग आपणहून बोलायला लागली. "गाडी उभी होती ना, तवा खिडकीतून पाह्यलं मी. माणसं रुळावर वाकून वाकून पाहत होते. एक पुढं, एक मागं. पुढच्यानं पाह्यलेलं मागचा परत पाहे. आपण तांदूळ निवडतो ना, तसे. सुपातला एक खडा नाही सोडत." ती माझ्याकडे नाही, आत्यांकडे बघत होती. "मले तवाच वाटलं, लांब आहे तर आहे. रस्ता कोणी निवडून तर ठेवून रायलं."

आत्यांनी मान हलवली. "व्हय. आमी बी नीट ठेवली हाय हो तुमची लेक."

"ते पाहून रायली मी," माय म्हणाली.

त्याच वेळी बाळानं अंग ताणलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि डोळे उघडले. रडलं नाही. मायकडे टक लावून बघत राहिलं, जणू हिनंच आधी काहीतरी बोलावं. मायनं कनवटीची गाठ सोडून चांदीचे दोन वाळे काढले, माझ्याच लहानपणीचे, आणि बाळाच्या मुठीत धरवले. मी फुलपात्र पुढं केलं. थोडं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

ती प्याली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

आत्यांना राहवेना. "बोरचं हाय, जरा खारं लागतं. ह्या पट्ट्यात सगळीकडं असंच."

"खारंच आहे," माय म्हणाली. "त्या भाऊचं बरं होतं." आणि फुलपात्र परत पुढं केलं, "आणखी दे."

ती संक्रांतीपर्यंत राहिली. आत्यांना तिनं भात मोकळा कसा करायचा ते शिकवलं आणि आत्यांच्या हाताखाली स्वतः भाकरी थापून बघितली. तिच्याही भाकरीला तालुके फाटले. सकाळी अंगणात बाळाला उन्हात धरून बसायची, आणि केशरी जाकिटवाली माणसं दिसली की ओळखीची असल्यासारखी हात हलवायची. एखादा परत हलवायचा.

ती निघाली त्या दिवशी गाडी अगदी वेळेवर आली. मी तिच्यासाठी बाटली भरून दिली होती, आमच्याच बोरच्या पाण्याची, तिनंच मागितली म्हणून. माय गाडीकडे संशयानं बघत फलाटावर उभी राहिली.

"आज एवढ्या वेळेवर कशी आली व?" ती म्हणाली. "आज पाह्यलं नाही का कोणी रूळ?"

हे म्हणाले, "पहाटेच बघून गेले मामी. मी बघितलं त्यांना."

"पक्कं?"

"पक्कं."

मग चढली.